डाव्या बुटाचा आवाज

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (नुसता लिहिण्यापुरता नव्हे. पत्र लिहायला बसण्यापूर्वी मी खरोखरच जमिनीवर आडवा होऊन तो घातला. माझी खोली एवढीशी आहे की डोकं पलंगाखाली गेलं आणि पाय दाराबाहेर राहिले. ते पाय पाहून शेजारचा मुलगा पाणी घेऊन धावत आला. तेव्हा या नमस्काराला साक्षीदारही आहे.) मामींनाही नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. गुडघा, रक्तदाब, झोप, सगळं जागच्या जागी आहे ना? मध्यंतरी एकदा मी भलत्याच वेळी फोन करून मामींना "मामा आहेत ना?" असं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आहेत म्हणजे काय, बादली लावून नळाला शिव्या देताहेत." त्यावर मी फोन ठेवला आणि त्यांना वाटलं, लाइन तुटली. लाइन तुटली नव्हती. ती मीच तोडली होती. तो फोन मी का केला, तेच सांगायला हे पत्र लिहितो आहे. पण ते एकदम सांगण्यासारखं नाही. तुम्ही आधी खुर्चीत बसा आणि मामींना चहा टाकायला सांगा.

हे फोनवर का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. मामी फोन स्पीकरवर टाकतात, मग समोरच्या काकूही येऊन मला केसांना तेल लावायला सांगतात आणि मूळ विषय तेलात बुडतो. शिवाय तुम्ही फोरमन असताना कुणाची तोंडी तक्रार कधी घेतली नाहीत. म्हणून लेखी देतो आहे.

आधी शहराविषयी. तुम्ही दर वेळी "शहर कसं आहे?" विचारता आणि मी "छान आहे" म्हणतो, पण ते उत्तर नव्हे. या शहरात आवाज नाही. रस्ते आहेत, गाड्या आहेत, माणसं तर पुष्कळ आहेत, पण सगळं काम आजारी माणूस आत झोपला असावा तसं चालतं. बस येते ती चोरी करायला आल्यासारखी. दारांना रबराच्या पट्ट्या आहेत, त्यामुळे रागाने दार आपटायची सोयच नाही. (इथे लोक भांडत कसे असतील, याचा मी बराच विचार केला आहे.) पहिल्या आठवड्यात मामींनी दिलेल्या डब्याचं झाकण माझ्या हातून जिन्यात पडलं आणि पायऱ्या मोजत खालपर्यंत गेलं. प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडलं, एकेक डोकं बाहेर आलं, आणि मी झाकणामागे धावत प्रत्येक डोक्याची माफी मागत गेलो. आपले कान गेले की काय अशी शंका येऊन मी आंघोळ करताना स्वतःशीच मोठ्याने बोलून पाहायचो. मग शेजारच्या मुलाने भिंतीवर टकटक केली, आणि कान शाबूत असल्याची खात्री पटली.

हा शेजारी मुलगा चांगला आहे. आमची ओळख माझ्याच गाढवपणातून झाली. मी आलो त्याच दिवशी लिफ्टमध्ये तो समोर उभा होता, मी समोर उभा होतो, आणि एवढ्या जवळ उभ्या असलेल्या माणसाशी काहीच बोलायचं नाही हे मला जमेना. म्हणून आपण जिन्यात कुणालाही विचारतो तसं मी विचारलं, जेवण झालं का. तो म्हणाला, नाही. मी "बरं" म्हणून खोलीवर आलो. थोड्या वेळाने दार वाजलं. तो स्वच्छ शर्ट घालून, स्वतःची ताटली घेऊन उभा होता. घरात त्या दिवशी फक्त भात होता, आणि तोही तळाला लागलेला. आम्ही तो वाटून खाल्ला. तेव्हापासून तो मला दयाळू समजतो. पुढे जे घडलं त्यात या गैरसमजाचाही हात आहे.

आता आमच्या बाई. बाई म्हणजे माझ्या गाइड. इथे त्यांना सगळे नुसत्या पहिल्या नावाने हाक मारतात. मिशा न फुटलेली पोरंही. त्यांनी मलाही तसंच सांगितलं. मी खोलीत आरशासमोर उभं राहून सराव केला, पण ऐन वेळी जीभ टाळूला चिकटते. तुमच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायची म्हणजे मला मामींना नावाने हाक मारल्यासारखं वाटतं, आणि लगेच गाल चोळावासा वाटतो. तर मी काय करतो, हाकच मारत नाही. दारात उभा राहतो आणि खोकतो. बाईंनी आठवडाभर हा खोकला ऐकला आणि मग टेबलाच्या खणातून खोकल्याच्या गोळ्या काढून दिल्या. मी घेतल्या. नाही कसं म्हणणार? आता मी गेलो की खोकायच्या आतच त्या गोळी पुढे करतात. माझे खिसे गोळ्यांनी भरले आहेत, आणि त्यांनी विभागात सगळ्यांना सांगितलं आहे की या मुलाची छाती नाजूक आहे.

आमचं काम तुम्हाला आवडलं असतं. जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपचा आवाज ऐकायचा आणि गळती कुठे आहे ते ओळखायचं. तुम्ही पंपाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून त्याची मूठ कानाशी धरायचात, तेच. फक्त इथे स्क्रू ड्रायव्हरच्या जागी यंत्रं आहेत आणि पंपाच्या आईबापांचा कुणी उद्धार करत नाही. आम्ही राहतो ती इमारत विद्यापीठाचीच. वर विद्यार्थी, तळमजल्यावर शिकवणाऱ्यांची घरं (बाई तिथेच राहतात), आणि तळघरातून मुख्य पाइप जातो. त्या पाइपला माइक चिकटवून मी खाली बसतो आणि कानाला लावून ऐकतो. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की सहामाहीच्या शेवटी परीक्षकांसमोर माझी ध्वनिफीत वाजेल, आणि तीत जो जो आवाज असेल त्याचं मूळ मला सांगता आलं पाहिजे. एक जरी आवाज बेवारशी निघाला, तर माझी जागा रांगेतल्या पुढच्या मुलाला जाईल. गोळ्या देणाऱ्या बाई आणि हे बजावणाऱ्या बाई एकच आहेत, हे मला अजून खरं वाटत नाही.

आता बुटांकडे येतो. (चहा आला का?)

मामा, ते बूट तुम्ही कशासाठी शिवून घेतले होते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. कारखाना तुम्हाला परदेशी ट्रेनिंगला पाठवणार होता. तिकडे गेल्यावर नवे बूट चावायला नकोत म्हणून तुम्ही ते संध्याकाळी घरातच घालून सैल करायचात. मग ट्रेनिंग रद्द झालं, आणि बूट सैल करायची सवय तेवढी राहिली. ज्या घरात मामी पाहुण्याची चप्पलही उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, तिथे ते बूट चालायचे, कारण त्यांचा तळ कधी रस्त्याला लागलाच नव्हता. मी टेबलाशी अभ्यासाला बसायचो आणि माझ्यामागे तुमच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. उजवा बूट गुपचूप. डावा, कुर्र. मग उजवा, मग कुर्र. आवाज थांबला की समजायचं, तुम्ही मागे उभे राहून वहीत बघताय. मग "ठोंब्या, पाठ सरळ." मी निघालो त्या दिवशी तुम्ही ते बूट माझ्या हातात देऊन फक्त एवढंच म्हणालात, "माझं राहिलं. निदान हे तरी जाऊ देत." मी दोन मोजे एकावर एक चढवून ते घातले, कारण तुमचे पाय रुंद आणि माझे काठीसारखे.

इथे आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी ते काढून, फडक्याने पुसून, टाचा जुळवून दाराबाहेर ठेवले. आत कसे नेणार? ते एव्हाना रस्त्यावरून आले होते. सकाळी दार उघडलं तर बूट नाहीत.

मी आधी इकडेतिकडे शोधलं, मग जिने पालथे घातले, मग शेजारच्या मुलाला विचारलं. त्याने माझी पाठ थोपटली. या इमारतीची पद्धत अशी की नको असलेली वस्तू दाराबाहेर काढून ठेवायची. ज्याला हवी तो उचलून नेतो. त्याचा टेबललॅम्प, त्याची खुर्ची, त्याची इस्त्री, सगळं त्याला असंच मिळालेलं. आल्या आल्या पहिल्याच दिवशी इतके चांगले बूट देऊन टाकणारा माणूस आपण पाहिला नव्हता, असं तो म्हणाला. आधी भात, आता बूट. त्याचा माझ्याविषयीचा आदर इतका वाढला की मला खरं बोलवेना.

तेव्हापासून फोनवर तुम्ही "बूट कसे आहेत?" विचारलंत की मी "एकदम उत्तम" म्हणायचो आणि घाईघाईने पावसापाण्याचं विचारायचो. माझ्या पायात मात्र कॅनव्हासचे बूट होते.

मग एक दिवस तळघरात कानाला यंत्र लावून बसलो असताना मला तुम्ही ऐकू आलात.

आधी कुर्र. मग काहीच नाही. मग कुर्र. मामा, मी खोटं सांगत नाही, माझी पाठ आपोआप सरळ झाली. मी मागे वळून पाहिलं, मागे फक्त भिंत. आवाज माझ्या डोक्यावरून लांब गेला आणि थांबला. माणूस इतक्या लांब असला आणि अचानक त्याची पावलं ऐकू आली, की मनात नको तेच येतं. मामींना तो फोन मी तेव्हा केला. तुम्ही नळाला शिव्या देताय हे ऐकून जीव भांड्यात पडला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या दिवशीही. दिवसातून दोनदा. नवल असं की तो येऊ लागल्यापासून माझा अभ्यास होऊ लागला.

तो आवाज बाईंनीही ऐकला, कारण तो माझ्या प्रत्येक ध्वनिफितीत उतरला होता. त्यांना तो पाइपमधलाच वाटला. कुणी म्हणालं झडप ढिली आहे, कुणी म्हणालं लिफ्टची कप्पी, एकाने घुशीवर संशय घेतला. बाई म्हणाल्या, तू शोध. त्या सगळ्यांत मी एकटा तो आवाज ओळखत होतो, आणि मलाच सांगता येत नव्हतं. अख्ख्या शहरात माझ्या मामांचा डावा बूट वाजतो आहे असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी लोकांच्या पायांकडे बघत हिंडू लागलो. लिफ्टमध्ये, जिन्यात, ग्रंथालयाच्या टेबलांखालून. लोक पाय मागे घेऊ लागले. शेजारच्या मुलाने अगदी हळुवारपणे विचारलं की घरची आठवण येते का.

शेवटी एका रविवारी बाईंनी आम्हा विद्यार्थ्यांना चहाला बोलावलं. मी त्यांच्या दारात वाकून कॅनव्हासचे बूट काढत होतो (मीच एकटा काढत होतो), दार उघडलं, आणि माझ्या नाकासमोर तुमचे बूट उभे राहिले. आत बाईंच्या यजमानांचे पाय.

यजमान गोड माणूस आहे. मोठ्या आजारातून उठले, तेव्हा त्यांचे पाय सुजलेले होते. कोणताच बूट पायात शिरेना, म्हणून त्यांनी बाहेर जाणंच सोडलं आणि दिवसभर खिडकीशी बसून राहू लागले. बाई थकल्या सांगून. आणि मग, बाईंनी चहा ओतता ओतता आम्हाला सांगितलं, वरच्या मजल्यावर एका दाराबाहेर त्यांना हे बूट दिसले. रुंद, मऊ, कुणीतरी वर्षानुवर्षं जपलेले. त्यांनी आणून नुसते खिडकीजवळ ठेवले. दुसऱ्या दिवशी यजमान ते घालून बाहेर पडले. आता सकाळ-संध्याकाळ जातात. कोण देवमाणूस ठेवून गेला कोण जाणे, असं म्हणून बाईंनी डोळे पुसले. मी खोकलो. त्यांनी गोळी दिली.

आता तुम्हीच सांगा मी काय करायला हवं होतं. गप्प बसलो तर आवाज बेवारशी राहणार आणि जागा जाणार. बोललो तर बाईंच्या नवऱ्याच्या पायातले बूट काढून घेतल्यासारखं होणार. मी गप्प बसून दिवस ढकलले, आणि परीक्षेचा दिवस आला.

परीक्षक तळघरातच ओळीने बसले होते, बाई कडेला. ध्वनिफीत लावली. पाण्याचा आवाज मी सांगितला, झडपेचा सांगितला, लिफ्टचा सांगितला. मग कुर्र. बाईंनी विचारलं, याचं मूळ सापडलं का. मी खोकलो. त्यांचा हात पिशवीकडे गेला. तेव्हा मी म्हणालो, "गोळी नको, बाई. हा माझ्या मामांच्या डाव्या बुटाचा आवाज आहे."

(हो, "बाई" म्हणालो. आपल्या भाषेतच. त्यांना त्याचा अर्थ कळला नाही, पण त्या ओ देऊन बसल्या.)

एका परीक्षकाने फार अदबीने विचारलं, मामा आत्ता या इमारतीत आहेत का. मी म्हणालो, मामा नाहीत, बूट आहेत. मग मला सगळं सांगावंच लागलं. बाई उठल्या आणि यजमानांना घेऊन आल्या. त्यांना वरच्या बोळातून चालायला सांगितलं. ते चालले, खाली माइकने ऐकलं, आवाज तंतोतंत जुळला. एका परीक्षकाने टाळी वाजवली आणि इतरांकडे पाहून हात खाली घेतले. ज्या आवाजाचा मालक माहीत आहे तो वजा करता येतो, असा शेरा मारून त्यांनी माझी जागा कायम केली. मामा, तुमचा भाचा पास झाला. तुमच्या बुटावर पास झाला.

पण यजमानांनी विचारलं की हा काय प्रकार आहे, आणि बाईंनी त्यांना सांगितलं. ते तिथेच पायरीवर बसले आणि नाड्या सोडू लागले. मी म्हणालो, राहू देत. त्यांनी मान वर करून विचारलं, "तुझे आहेत का?" मी म्हणालो, "मामांचे."

"मग तू कोण राहू देणारा? मी टाकलेली वस्तू घेतली होती. ही कुणी टाकलेलीच नव्हती."

आणि नुसत्या मोज्यांवर घरी गेले. बूट आता त्यांच्या दाराच्या आत आहेत, पुसून, टाचा जुळवून, तुम्ही ठेवता तसेच. यजमान पुन्हा खिडकीशी बसतात. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त गोळ्या देणं बंद झालं आहे.

एवढं सोडलं तर इकडे काळजीचं कारण नाही. जेवतो, झोपतो, तेल लावतो (समोरच्या काकूंना कळवा). तुमचा आशीर्वाद असू द्या, आणि रागवायचंच असेल तर चहा संपल्यावर रागवा.

तुमचा,
ठोंब्या

ता. क. तुम्ही मागे बूट घातलेला फोटो मागितला होता आणि मी पाठवला. तो तुम्ही कारखान्यातल्या जुन्या मंडळींना दाखवलात असं कळलं. त्या फोटोतले बूट तुमचेच आहेत. गुडघ्याखालचा बाकीचा भाग यजमानांचा आहे. चहाच्या दिवशी मी पेला उचलायच्या निमित्ताने वाकून तो काढला. पोटऱ्या पाहून मामी म्हणाल्या होत्या की पोरगं अंगाने भरलं. त्यांना हे सावकाश सांगा. मी होतो तसाच काठीसारखा आहे.

ता. क. दुसरं. खरं काम हे आहे. यजमानांना तुमच्या हातच्या दोन ओळी हव्या आहेत. मी सांगून ते ऐकत नाहीत. त्यांनाही तुमच्यासारखंच लेखी लागतं. मराठीत लिहिलं तरी चालेल, मी वाचून दाखवीन. बूट परत हवे असतील तर तसं लिहा, मी स्वतः जाऊन घेईन आणि पुन्हा दाराबाहेर ठेवणार नाही. पण लिहिण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या की यजमान रोज वेगळ्या रस्त्याने जायचे. नदीवरच्या पुलापर्यंत, बागेपर्यंत, स्टेशनच्या पलीकडे जुन्या कारखान्यांच्या वस्तीपर्यंत, जिथे तुमचं ट्रेनिंग ज्या पंपांवर व्हायचं होतं तसलेच पंप बनतात. मी खोली आणि तळघर सोडून अजून काही पाहिलेलं नाही. हे शहर माझ्यापेक्षा तुमच्या बुटांनी जास्त पाहिलं आहे.

ता. क. शेवटचं. तुम्ही "वापरा" असं लिहिलंत, तर बाई तुम्हाला पत्रातून विचारणार आहेत की तो आवाज कसा घालवायचा, कारण इतक्या शांत रस्त्यावर लोक वळून बघतात आणि यजमानांना लाजल्यासारखं होतं. उपाय तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मामींना एकदा सांगितला होता आणि मामींनीच तो करू दिला नव्हता, म्हणाल्या, तुम्ही घरात कुठे आहात ते कळेनासं होईल. मामा, बाईंना तो उपाय कळवू नका. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा त्यांच्या पत्रातली तेवढी ओळ वाचायची राहून गेली असं समजा. आवाज बंद झाल्यापासून माझं एक पान वाचून झालेलं नाही, आणि हे लिहितानाही मी वाकून बसलो आहे.